स्पीकर आधी मोजा, मग उघडा: घरच्या स्टिरिओ जोडीसाठी

सांगली-मिरजेत जुन्या स्टिरिओच्या जोड्या अजून टिकून आहेत. कुणाच्या माडीवर सोनोडाइनची, कुणाकडे कॉस्मिकची, तर कुणाकडे पेठेतल्या रिपेअरवाल्याने प्लायच्या खोक्यात बसवून दिलेली. तिच्यात काही सुधारणा करावी असं मनात आलं की सल्ले दोनच मिळतात: कंडेन्सर भारीतले टाक, नाहीतर आत कापूस भर. दोन्ही कधी बरोबर ठरतात, कधी आवाज बिघडवतात. आपल्या जोडीला कशाची गरज आहे हे मोजल्यावरच कळतं, आणि मोजणं आता घरच्या घरीही जमतं.

सुरुवातीलाच एक नियम पाळा. जोडीतला एकच स्पीकर उघडायचा. दुसरा काम संपेपर्यंत जसाच्या तसा ठेवायचा. कानाची आठवण फार थोडा वेळ टिकते. शेजारी मूळ स्पीकर वाजत असला की "वाटतंय जरा मोकळा झाला" असल्या भ्रमाला जागा उरत नाही.

सामान

लॅपटॉप कुठलाही चालेल. त्यावर 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर घ्या, सगळे त्याला आरईडब्ल्यू म्हणतात. जॉन मल्काही यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मोफत चालतं. पुढे क्रॉसओव्हरला, म्हणजे खालची पट्टी मोठ्या वूफरकडे आणि वरची छोट्या ट्वीटरकडे पाठवणाऱ्या कंडेन्सर-कॉइलच्या जोडणीला, हात घालायचा असेल तर तिची आखणी करणारं 'व्हिट्युइक्सकॅड' हेही मोफत मिळतं.

माइकवर मात्र पैसे टाका. गाण्याचा माइक इथे उपयोगाचा नाही, तो गळा गोड लागावा म्हणून बनवलेला असतो. मोजणीचा माइक हवा. यूएसबीवर चालणारा यूमिक-१ नवशिक्याला सोपा पडतो. त्याच्यावर सीरियल नंबर असतो, तो टाकून त्याच माइकची कॅलिब्रेशन फाइल उतरवून घेता येते. फाइली दोन असतात. माइक स्पीकरकडे रोखून मोजताना शून्य अंशाची, छताकडे उभा धरून मोजताना नव्वद अंशाची. नवशिके इथे हमखास गफलत करतात आणि मग वरच्या पट्टीचा आलेख उगाच चढलेला किंवा पडलेला दिसतो. मोबाइलच्या माइकवर डाव्या-उजव्याची ढोबळ तुलना होईल, त्यापलीकडे भरवसा ठेवू नका.

बाकी मल्टिमीटर, कॉइल आणि कंडेन्सर मोजणारा साधा एलसीआर मीटर, सोल्डरिंग आयर्न, मोजपट्टी आणि माइकला स्टँड. तारा, रेझिस्टन्स, कनेक्टर सांगलीत मिळतात. पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर हव्या त्या किमतीत मिळतीलच असं नाही. त्यासाठी पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन.

आधी डोळे आणि बोटं

जाळी काढा. वूफरच्या कोनाभोवतीची, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूभोवतीची, लवचीक कडा (सराउंड) बोटाने हलकेच दाबून बघा. रबराची असेल तर बहुधा ठीक असते. फोमची असेल आणि वीसेक वर्षांची असेल तर बोटाला काळी भुकटी लागेल. तसं असेल तर सराउंड बदलेपर्यंत पुढचं काहीच करू नका.

आता दोन्ही हातांची बोटं कोनवर समान टेकवून तो अलगद आत ढकला. खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, घासतेय. ट्वीटरच्या घुमटाला बोट लावायचं नाही, आणि स्क्रू खोलताना स्क्रूड्रायव्हरवरचा हात ढिला सोडायचा नाही. मॅग्नेट तो ओढून घेतं आणि कोनला भोक पडतं.

मग मल्टिमीटर. आठ ओमचा वूफर मीटरवर साधारण सहा ओम दाखवतो, चार ओमचा सव्वातीन ते साडेतीन. डाव्या-उजव्यात अर्ध्या ओमचा फरक आला तर आधी जोडण्या तपासा. वूफरची प्लस-मायनस बघायची असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: सेलचा प्लस वूफरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.

खोलीतलं पहिलं मोजमाप

माइक जिथे बसून ऐकता तिथे, कानाच्या उंचीवर ठेवा. पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारच्या मिक्सरची वेळ टळू द्या. लॅपटॉपच्या सूचनांचे आवाज बंद करा, नाहीतर ॲम्प्लिफायर चढवलेला असताना तो 'टिंग' थेट ट्वीटरवर जातो. गणपतीच्या दिवसांत हे काम काढूच नका, तेव्हा मोजलंत तर मोजमाप चौकातल्या स्पीकरांच्या भिंतीचं होईल, घरच्या स्पीकरचं नाही.

आरईडब्ल्यू स्पीकरमधून खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीपर्यंत सरकत जाणारा सूर सोडतं, त्याला स्वीप म्हणतात. आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. माइकजवळ ७५ ते ८० डेसिबल पुष्कळ झाले. आधी डावा मोजा, मग उजवा, दोन्ही आलेख एकावर एक टाका. २०० हर्ट्झच्या वर दोघांत तीन-चार डेसिबलचा सलग फरक दिसला तर दोघांच्या जागा बदलून पुन्हा मोजा. फरक स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा, जागेवरच राहिला तर खोलीचा. एवढ्या एका अदलाबदलीने निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो.

२०० हर्ट्झच्या खाली जे डोंगर-दऱ्या दिसतील त्या बहुतांशी खोलीच्या आहेत. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज ज्या पट्टीवर घुमतो ती काढायला ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४४ मीटर, याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. दहा फुटांना ५६ हर्ट्झ, बारा फुटांना ४७. नव्या आरसीसी फ्लॅटमध्ये, चकचकीत फरशीवर, हे आकडे आलेखात ठळक उमटतात. जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंती आणि तक्तपोशी असलेल्या खोलीत ते बरेच मवाळ होतात. यावर कंडेन्सर बदलून काही होणार नाही. स्पीकर भिंतीपासून अर्धा हात पुढे घ्या, कोपऱ्यातून काढा, बसायची जागा मागच्या भिंतीला चिकटलेली असेल तर पुढे सरकवा, प्रत्येक वेळी मोजा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं आणि बॉक्स उघडावा लागत नाही. संपलं तर आनंद माना.

खोली वगळून नुसता स्पीकर

क्रॉसओव्हरला हात लावायचा तर स्पीकरचा स्वतःचा आवाज वेगळा दिसायला हवा. स्वीपमधून सॉफ्टवेअर एक टाळीसारखा धक्का गणिताने काढतं, त्याला इम्पल्स म्हणतात. त्यात आधी थेट आवाज येतो, मग फरशीवरून, छतावरून, भिंतींवरून उसळलेला. पहिली उसळी यायच्या आत मोजायच्या वेळेची खिडकी बंद केली की उरतो तो नुसता स्पीकर.

खिडकी किती मिळते ते मोजपट्टीने काढता येतं. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून एक मीटर उंच, आणि दोघांत एक मीटर अंतर. फरशीवरून येणारा आवाज २.२४ मीटर चालून येतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा १.२४ मीटर जास्त. वेळेत ३.६ मिलिसेकंद. एक भागिले ३.६ मिलिसेकंद म्हणजे २७८ हर्ट्झ. याच्या खालचा आलेख खरा मानायचा नाही, कितीही गुळगुळीत दिसला तरी.

उंची वाढवली की खिडकी वाढते. गच्चीवर टेबलावर टेबल चढवून स्पीकर आणि माइक दोन मीटरवर नेले तर नऊ मिलिसेकंद मिळतात आणि ११० हर्ट्झपर्यंतचा भाग भरवशाचा होतो. अर्थात टाकी, कठडा आणि जिन्याची खोली पुरेशी लांब हवी. वाऱ्याचं काय करायचं? पहाटे जा. आणि स्पीकर दोरीने बांधा. खोलीतच करायचं असेल तर स्पीकर आणि माइकच्या मधोमध जमिनीवर दोन-तीन जाड वाकळा टाका. वरच्या पट्टीत थोडा फरक पडतो, खालच्या पट्टीला वाकळ दिसतसुद्धा नाही.

माइक ट्वीटरच्या समोर, त्याच उंचीवर. आधी सरळ समोरून, मग स्पीकर १५, ३०, ४५ अंशांत फिरवून मोजा. खाली कागदावर कोनमापकाने रेघा आखून ठेवल्या की काम पटकन होतं. हे तिरप्या अंशांतले आलेख टाळू नका. समोरून सपाट आणि बाजूने खड्डा असलेला स्पीकर खोलीत कर्कश वाटतो, कारण खोलीत आपण भिंतींवरून येणारा आवाजही ऐकत असतो.

आलेख बघताना उभा पट्टा ५० डेसिबलचा ठेवा. तो शंभरावर नेला की कुठलाही स्पीकर सरळ दिसतो, दहावर आणला की कुठलाही भयंकर. स्मूदिंगचंही, म्हणजे आलेख गुळगुळीत करण्याचंही, तेच, सप्तकाचा एक-बारांश ठीक आहे. एक-तृतीयांश ठेवून चढवलेले आलेख फोटोला बरे दिसतात, कामाला नाहीत.

खालच्या पट्टीसाठी माइक कोनला खेटून

गच्ची नसेल तर खालची पट्टी मोजायची एक जुनी युक्ती आहे. डॉन कील यांनी १९७४ मध्ये ती मांडली. माइक वूफरच्या मध्याशी इतका जवळ न्यायचा की खोलीचा आवाज त्याच्यापुढे नगण्य होतो. साडेसहा इंची वूफरच्या कोनचा कामाचा व्यास साधारण १३ सेंटिमीटर. त्याच्या त्रिज्येच्या ०.११ पट, म्हणजे सात मिलिमीटरच्या आत माइक हवा. एवढ्या जवळ आवाज खूप जोरात येतो, म्हणून ॲम्प्लिफायर उतरवूनच स्वीप सोडा. ही रीत अशा वूफरला आठशे हर्ट्झपर्यंत चालते.

बॉक्सला हवेची नळी, म्हणजे पोर्ट असेल तर तोही तोंडाशी माइक धरून वेगळा मोजा आणि वूफरच्या आलेखाशी बेरीज करण्याआधी त्याची पातळी कमी करा. पाच सेंटिमीटरचा पोर्ट आणि तेरा सेंटिमीटरचा कोन असेल तर ८.३ डेसिबलने. मग ही खालची पट्टी आणि एक मीटरवरची वरची पट्टी ३००-४०० हर्ट्झच्या आसपास जोडायची.

एक गोष्ट जोडताना विसरली जाते. खेटून मोजलेल्या आलेखात बॉक्सच्या रुंदीचा परिणाम नसतो. वरच्या पट्टीत समोरची फळी आवाज पुढे ढकलते, खालच्या पट्टीत आवाज फळीला वळसा घालून मागे पसरतो आणि समोर सहा डेसिबलपर्यंत घट येते. हा बदल कुठे होतो ते ढोबळपणे ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागून मिळतं. वीस सेंटिमीटरच्या फळीला ५७५ हर्ट्झ. व्हिट्युइक्सकॅडमध्ये ही दुरुस्ती करायची सोय आहे, ती वापरा.

इम्पिडन्स: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बोलका आलेख

इम्पिडन्स म्हणजे पट्टीगणिक बदलणारा स्पीकरचा विद्युत रोध. तो मोजायला माइक लागत नाही. दोन इनपुटचं साउंड कार्ड, शंभर ओमचा एक रेझिस्टन्स आणि चार तारा. हेडफोनच्या जागेतून निघालेला सिग्नल रेझिस्टन्समधून स्पीकरला द्यायचा आणि रेझिस्टन्सच्या दोन्ही टोकांना एकेक इनपुट लावायचं. नेमकी जोडणी आरईडब्ल्यूच्या मदत-पानावर चित्रासह आहे. पॉवर ॲम्प्लिफायरचं आउटपुट साउंड कार्डाला थेट लावू नका, कार्ड जळतं.

बंद बॉक्सच्या आलेखात खालच्या पट्टीत एक शिखर दिसतं. पोर्टवाल्यात दोन, आणि मधली दरी म्हणजे पोर्ट ज्या पट्टीवर लावलाय ती. आता डावा आणि उजवा एकावर एक टाका. शिखर सरकलेलं असेल, किंवा बुटकं आणि पसरट झालं असेल, तर बॉक्स कुठेतरी हवा सोडतोय किंवा सराउंड गेलंय. दीडशे ते पाचशे हर्ट्झमध्ये बारीक दातरा दिसला तर एखादी फळी थरथरतेय, तिथे बोटाने टकटक करून ऐका. ट्वीटरच्या पट्टीत दोघांचे आलेख वेगळे चालले तर मात्र कंडेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. जुने नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, त्यांचा मायक्रोफॅरडचा आकडा सरकतो. म्हणजे 'कंडेन्सर बदल' हा सल्ला इथे पहिल्यांदा पुराव्यासह समोर येतो.

बॉक्स उघडल्यावर

गळती आधी बंद करा. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी, टर्मिनलच्या मागे सिलिकॉन किंवा सरस. थरथरणाऱ्या फळीला आतून लाकडाची आडवी पट्टी, समोरासमोरच्या दोन फळ्यांना धरून, सुताराकडून नेमकी कापून आणलेली. इथे खर्च शंभर-दोनशेचा आणि फरक आलेखात दिसणारा.

कापसाचं म्हणाल तर गादीवाल्याकडचा साधा कापूस नको. तो दमट हवेत गोळा होऊन तळाशी बसतो. त्याच्याकडेच उशीत भरायचं रेक्रॉन मिळतं, ते घ्या, पिंजून सैल भरा. बंद बॉक्स बऱ्यापैकी भरलेला चालतो. पोर्टवाल्यात मात्र फक्त भिंतींना लावा आणि पोर्टच्या आतल्या तोंडासमोरची जागा मोकळी सोडा, नाहीतर बास कमी होतो आणि दोष वूफरला जातो.

कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्मचा (पॉलिप्रॉपिलीनचा) टाकला की त्याचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे ट्वीटर किंचित वर येऊ शकतो. यालाच पुष्कळ लोक "डिटेल वाढली" म्हणतात. ट्वीटर खरंच चढा निघाला तर दोन रेझिस्टन्सनी खाली आणता येतो: आठ ओमच्या ट्वीटरला २.२ ओम मालिकेत आणि त्याच्या पुढे, ट्वीटरच्या दोन टोकांवर, २२ ओम समांतर. आवाज २.८ डेसिबलने उतरतो आणि क्रॉसओव्हरला ओझं जवळपास तेवढंच दिसतं. वायरवाउंड, दहा वॉटचे घ्या आणि रेक्रॉनला टेकू देऊ नका, ते तापतात.

रिपेअरवाल्यांच्या खोक्यांत बऱ्याचदा क्रॉसओव्हर म्हणून ट्वीटरला एक कंडेन्सर असतो आणि वूफर मोकाट. वूफरचा कोन वरच्या पट्टीत वेडावाकडा थरथरतो आणि चार-पाच हजार हर्ट्झला शिखर काढतो, ट्वीटर त्याच्यावर आपला आवाज घालतो. तारसप्तकातला गळा कानाला टोचतो तो बहुधा याच जागी. वूफरला एक कॉइल लावायची. पुस्तकी हिशेबाने आठ ओमला तीन हजार हर्ट्झसाठी ०.४२ मिलिहेन्री. खरा वूफर मात्र सगळीकडे आठ ओम नसतो हे तुम्ही इम्पिडन्सच्या आलेखात पाहिलंच आहे. म्हणून आकडा व्हिट्युइक्सकॅडमध्ये आपले आलेख टाकून ठरवा आणि एकूण इम्पिडन्स खाली घसरत नाही हेही तिथेच बघा. आठ ओमच्या स्पीकरला ६.४ आणि चार ओमच्याला ३.२ ओमच्या खाली जाऊ देऊ नये.

कॉइल विकत आणायची गरज नाही. आपल्या भागात पाण्याच्या मोटरी इतक्या, की रिवाइंडिंगची दुकानं गावोगाव आहेत, आणि त्यांच्याकडे इनॅमलची तांब्याची तार किलोवर मिळते. अठरा गेजची, म्हणजे १.२ मिलिमीटरची, दोनशे ग्रॅम मागा. बाहेरून पंचवीस मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पाइप, त्याला दोन्हीकडे प्लायच्या चकत्या, चकत्यांमध्ये पंचवीस मिलिमीटर जागा. एका थरात साधारण वीस वेढे बसतात. सातव्या थराअखेर, १४० वेढ्यांच्या आसपास, ०.४ मिलिहेन्रीच्या वर पोहोचता. तार सुमारे पंधरा मीटर लागते आणि रोध पाव ओमपेक्षा कमी येतो. दहा वेढे जास्तच गुंडाळा, मग टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडून एलसीआर मीटर लावा आणि हवा तो आकडा येईपर्यंत एकेक वेढा सोडत चला. तार हाताने ताणून गुंडाळली नाही तर कॉइल मोठ्या आवाजात गुणगुणते. शेवटी वार्निशात बुडवा, तेही त्याच दुकानात असतं. बसवताना लोखंडी स्क्रू मधून घालू नका, वूफरच्या मॅग्नेटपासून लांब ठेवा, आणि दोन कॉइल असतील तर एक आडवी, एक उभी.

ट्वीटर बरोबर जुळला का हे बघायचं तर त्याच्या तारा मुद्दाम उलट्या जोडून स्वीप सोडा. वूफर आणि ट्वीटर एकमेकांना धरून चालत असतील तर क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा पडतो. खड्डा उथळ आला तर जुळणी अजून बाकी आहे. तपासून झालं की तारा परत सुलट करा.

कानाची पाळी

सुधारलेला आणि मूळ स्पीकर शेजारी ठेवा, दोघांची पातळी माइकने अर्ध्या डेसिबलच्या आत आणा, मग ऐका. मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, म्हणून पातळी आधी.

ऐकायला काय लावायचं याचं उत्तर सांगलीपासून सहा मैलांवर आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या कामाची गोष्ट ही की तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात जवारी लावलेला, म्हणजे घोडी घासून तारांना झंकार आणलेला, तंबोरा दोन हातांवरून ऐकता येतो. ऐकून या आणि घरी तंबोऱ्याची स्वच्छ रेकॉर्डिंग लावा. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो, पण जवारीमुळे त्याचा आवाज वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या सुरांत, पसरलेला असतो. त्यामुळे छोटा बॉक्स ६९ हर्ट्झ जेमतेम वाजवत असला तरी खर्ज ऐकू येतो, कान तो भरून काढतो. बास तपासायला म्हणून तंबोरा बरा नाही. हजार ते पाच हजार हर्ट्झमधला खडबडीतपणा मात्र तो लगेच उघडा पाडतो: जवारीची ती सलग झळाळी एखाद्या स्वरांशावर अडकून चिरकते किंवा मध्येच बुजते. आलेखात त्या जागी बघा, काहीतरी सापडेल.

पसंत पडलं की दुसरा स्पीकर तसाच करा आणि दोघांचे आलेख पुन्हा एकावर एक टाका. ३०० हर्ट्झच्या वर एक डेसिबलच्या आत बसले तर जोडी जमली. नाही बसले तर आधी ट्वीटरच्या तारांची प्लस-मायनस बघा, मग कॉइल मोजा. काढलेले जुने कंडेन्सर आणि रेझिस्टन्स पाकिटात घालून, मूळ जोडणीच्या चित्रासकट, बॉक्सच्या आत मागच्या फळीला चिकटवून ठेवा. पुढे जोडी विकायची झाली तर घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो.